मीटर नवे, बोर्ड मात्र वडिलांच्या काळातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की खानदेशातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हटकून दिसू लागतात. एक, कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून कोणी दगावल्याची. दुसरी, शॉर्टसर्किटमुळे घराला आग लागून संसारोपयोगी साहित्य खाक झाल्याची. पंचनामा होतो, हळहळ व्यक्त होते आणि बातमी तिथेच थांबते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री (वायरमन) शाखेचा शिल्पनिदेशक, म्हणजे शिक्षक, म्हणून मी २८ वर्षे काढली, त्यामुळे असेल, पण ‘शॉर्टसर्किटमुळे’ हा शब्द वाचताना मी दर वेळी अडखळतो. दोन तारा एकमेकींना टेकणे हे कोणत्याही घरात, कोणत्याही दिवशी घडू शकते. त्या क्षणी फ्यूज वितळला किंवा एमसीबी (जादा प्रवाह होताच आपोआप पडणारा स्विच) पडला, तर एक ठिणगी उडते, अंधार होतो आणि प्रकरण मिटते. घर पेटते ते बहुधा वितळायला हवा होता तो फ्यूज वितळला नाही म्हणून, आणि तो का वितळला नाही याचे उत्तर मीटरच्या पुढे भिंतीवर ठोकलेल्या जुन्या लाकडी बोर्डात असते. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज पुरवठादाराची, त्यापुढची ग्राहकाची, अशी वाटणी असल्यामुळे त्या बोर्डाकडे वर्षानुवर्षे कोणीच पाहत नाही.

इतरांना दोष देण्यापूर्वी स्वतःच्या घरचे सांगतो. अमळनेर येथील आमचे घर धाब्याचे, मातीच्या भिंतींचे. घरात वीज आली १९७१ साली, आणि तेव्हा वडिलांनी करून घेतलेली पट्टी-फिटिंग तीन वर्षांपूर्वीपर्यंत जशीच्या तशी होती. मी बदलीच्या गावी राहत असे, सुट्टीपुरता घरी येत असे. विद्यार्थ्यांकडून फ्यूजच्या तारेची जाडी घोकून घेणाऱ्या माझ्या मनात स्वतःच्या ओसरीवरचा बोर्ड उघडून पाहावा असे एकदाही आले नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. निवृत्तीनंतर कूलरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा कुठे मीटरपासूनचा पुरवठा बंद करवून तो बोर्ड उतरवला. मागच्या बाजूने तळहाताएवढ्या भागात लाकडाचा कोळसा झाला होता. रबरी आवरणाच्या तारा चिमटीत धरताच आवरण भाजलेल्या पापडासारखे गळून पडले. एका कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. आणि चिनी मातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खोबणीत, जिथे ५ अँपिअरची एक बारीक तार असायला हवी, तिथे जुन्या वायरमधल्या पाच-सहा तांब्याच्या काड्या पीळ देऊन बसवलेल्या होत्या. हे कोणी केले याचा शोध घेण्याची गरज नव्हती. फ्यूज दोनदा उडाला की तिसऱ्या वेळी हाक मारलेला कारागीर आपल्याकडे काय सांगतो ते सर्वांना पाठ आहे: ‘दादा, जाड तार टाकी द्या, काही व्हत नही.’

त्याच बोर्डावर किटकॅट दोन होते, एक फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) आणि एक न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर). वरकरणी ही दुहेरी सुरक्षा वाटते. प्रत्यक्षात न्यूट्रलवरचा फ्यूज आधी वितळला तर दिवे विझतात, पंखा थांबतो, माणूस ‘लाईट गेली’ असे समजून निर्धास्तपणे होल्डरमध्ये हात घालतो, आणि फेज मात्र तिथे २३० व्होल्टनिशी हजर असते. भारतीय वीज नियम, १९५६ मधील ३२ व्या नियमाने न्यूट्रलवर असा स्वतंत्र कटआऊट, म्हणजे फ्यूज, बसवायला मनाई केली होती. आमच्या घरची फिटिंग त्यानंतर १५ वर्षांनी झाली, तरी तो बसलाच.

गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्या काळी अर्थिंगची तार अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळण्याची पद्धत होती, आणि तो पाइप गावभर जमिनीतून फिरलेला असल्याने ती व्यवस्था बऱ्यापैकी काम करत असे. पुढे आमच्या गल्लीतले लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले गेले. नळाला पूर्वीपेक्षा चांगले पाणी येऊ लागले, सर्वांना आनंद झाला, आणि ज्या ज्या घराचे अर्थिंग त्या पाइपवर होते ते त्याच दिवशी तुटले. कोणाला कळले नाही, कारण अर्थिंग तुटल्याने एकही दिवा विझत नाही. ते तुटल्याचे पहिल्यांदा कळते ते कूलरच्या पत्र्याला हात लागल्यावर.

आता थोडा हिशेब मांडतो. १९७१ साली आमच्याकडे चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता. सगळे मिळून दोन अँपिअरसुद्धा होत नसत. आज २००० वॉटचा गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी सात-आठ, इस्त्री चारच्या वर, शिवाय फ्रिज, मिक्सर आणि पाण्याची मोटार आहेच. तार मात्र तीच, जुन्या मापातली बारीक, एक-अठरा नाही तर तीन-बावीस. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि इथे त्यात आपल्या उन्हाची भर पडते. पीव्हीसी आवरणाच्या साध्या तारेची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. बाहेर ३० अंश असतील तर तिला तापायला ४० अंशांची मुभा मिळते, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकला की ही मुभा २५ वर येते. म्हणजे ज्या दुपारी कूलर, एसी आणि फ्रिज एकदम चालतात, नेमक्या त्याच दुपारी तारेची भार पेलण्याची ताकद सर्वांत कमी झालेली असते. नव्या एमसीबीचेही तेच आहे. त्याच्यावर छापलेला आकडा ३० अंश तापमान धरून ठरवलेला असतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत तापत राहिलेला एमसीबी दुपारी वेळेआधीच पडतो, आणि मग पेटी सावलीत हलवण्याऐवजी लोक ३२ च्या जागी ६३ चा बसवून मोकळे होतात. किटकॅटमधली जाड तार ती हीच, फक्त आता ती दुकानातून पक्क्या बिलाने येते.

एमसीबी बसवला म्हणजे धक्क्याची भीती गेली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या हाताने कूलरला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला त्यातून वाहणारा प्रवाह पाव अँपिअरहूनही कमी भरतो. हृदय बंद पाडायला तेवढा पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र घरात कुठे तरी ६० वॉटचा बल्ब लागला, यापलीकडे त्याची दखल घेण्याचे कारणच नसते. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो घडवलेलाच नाही. ते काम आरसीसीबीचे, ज्याला बाजारात अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, हे तो सतत ताडून पाहतो आणि घरगुती वापराच्या नमुन्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. दुसरीकडे, जादा भार त्याला कळत नाही, म्हणून एमसीबीही लागतोच.

‘आमच्याकडे अर्थिंग चांगले आहे, आम्हाला आरसीसीबी कशाला’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि मार्चमध्ये चांगले मोजलेले अर्थिंग मेमध्ये बिघडते. त्याचा विरोध २० ओहमवर गेला असेल आणि कूलरच्या पत्र्यावर फेज आली, तर जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअर होतो. १५ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळत नाही. कूलर चालू राहतो, पत्रा जिवंत राहतो, आणि घरातले कोणी तरी सवयीने पाण्याची बादली उचलते. आरसीसीबीच्या हिशेबात मात्र ही गळती त्याच्या मर्यादेच्या शेकडो पट आहे. तो कोणी हात लावण्याआधीच पडतो.

विजेच्या यंत्राची काळजी कशी घ्यावी हे आपल्या लोकांना कळत नाही, असे मुळीच नाही. रावेर-यावलकडचा केळी उत्पादक विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर लावतो, ओव्हरलोड रिले लावतो, एक फेज गेली तर मोटार जळू नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतो आणि पावसाळ्यापूर्वी पेटी उघडून पुसतोही. रिवाइंडिंगचा खर्च आणि पाण्याविना सुकणारी बाग त्याने पाहिलेली असते. त्याच शेतकऱ्याच्या घरात गीझर लाकडी बोर्डावर दोन तारा काढून चालू असतो. मोटारीचे नुकसान रुपयांत मोजता येते, म्हणून तसे होत असावे.

आमच्या घरी शेवटी सगळी फिटिंग नव्याने केली. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगना अडीचची, गीझर आणि एसीला स्वतंत्र चारची. प्रत्येक शाखेला वेगळा एमसीबी, सर्वांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अंगणात नवे अर्थिंग. एकूण खर्च २९ हजारांच्या आसपास आला, त्यात आरसीसीबीचे दोन हजारांच्या आतबाहेर. पण खरी परीक्षा त्यानंतर होती. आरसीसीबी रोज संध्याकाळी पडू लागला. कामाला आलेला तरुण, हाताने तरबेज आणि स्वभावाने चांगला, दोन दिवस वैतागून मला म्हणाला, ‘सर, याला बायपास करून टाकू, बाकी एमसीबी आहेतच.’ मी जुना शिक्षक असल्यामुळे हट्ट धरला. मेगर (तारांचे इन्सुलेशन मोजणारे उपकरण) लावून एकेक शाखा तपासली, तेव्हा दोन दोष सापडले: इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचे न्यूट्रल आरसीसीबीला वगळून त्याच्या आधीच्या न्यूट्रलशी जोडले गेले होते, आणि गीझरच्या कॉइलमधून गळती होत होती. दोन्ही दुरुस्त केल्यापासून तो आजवर विनाकारण पडलेला नाही. ज्या घरात मेगर लावायचा हट्ट धरणारा कोणी नाही, तिथे काय होत असेल याची कल्पना करवत नाही. आरसीसीबी पेटीत दिसतो, पण तारा त्याला वळसा घालून गेलेल्या असतात. त्याच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबून पाहावे. पुरवठा असताना ते दाबूनही तो पडला नाही, किंवा पडूनही घरातला पुरवठा चालूच राहिला, तर तो एक तर बिघडलेला आहे किंवा नुसता शोभेला आहे.

आता मागणीकडे येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांत गळती-संरक्षणाची तरतूद आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवालही द्यावा लागतो. परंतु हा अहवाल घराच्या आयुष्यात एकदाच दिला जातो, आणि तोही कसा भरला जातो हे या व्यवसायातील प्रत्येकाला माहीत आहे: मेगरची पेटी न उघडता, चहा पिता पिता. अहवालात अर्थिंगचा विरोध किती ओहम आणि तारांचे इन्सुलेशन किती मेगओहम, हे प्रत्यक्ष मोजलेले आकडे सक्तीचे करावेत, आणि मंजूर भार वाढवून मागितला जाईल त्या प्रत्येक वेळी तो नव्याने घ्यावा.

सध्या घरोघरी मीटर बदलले जात आहेत. छतावरच्या सौर संचासाठी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले. दोन्ही कामांसाठी जाणकार माणूस घरी येतो, मीटरच्या पेटीसमोर उभा राहतो आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जुना किटकॅट बोर्ड असतो. तो बदलण्याची जबाबदारी त्या माणसाची नाही हे मान्य. पण ‘मुख्य बोर्ड जुना, गळती-संरक्षण नाही, अर्थिंग आढळले नाही’ एवढी एक ओळ त्याने पावतीवर लिहून घरमालकाची सही घ्यावी, यात विशेष खर्च नाही. त्याचप्रमाणे ज्या गल्लीत लोखंडी जलवाहिनी काढून प्लास्टिकची टाकली जाईल, तिथल्या घरांना अर्थिंग तपासून घेण्याची सूचना पाणीपट्टीच्या बिलावर छापणे स्थानिक संस्थांना सहज शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तारतंत्री आणि वीजतंत्री शाखांच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या शिक्षकांसह, फेब्रुवारी-मार्चमध्ये कूलर बाहेर निघण्यापूर्वी एकेका गल्लीत मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन पाठवले, तर पोरांचे प्रात्यक्षिकही होईल. सेवेत असताना हे सुचले नाही, ही माझीच चूक.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. अशी दुर्घटना घडेल तेव्हा ‘शॉर्टसर्किटमुळे’ या शब्दापाशी न थांबता घरात फ्यूज होता की एमसीबी, आरसीसीबी होता की नाही आणि कूलरच्या प्लगला तिसरी, अर्थिंगची पिन होती का, एवढे तीन प्रश्न घटनास्थळी विचारून त्यांची उत्तरे बातमीत द्यावीत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
अमळनेर, जि. जळगाव