‘व्हिसा असूनही’ या शब्दांतला घोटाळा

महोदय,

परदेशातल्या विमानतळावरून कुणाला माघारी धाडले की ‘व्हिसा असूनही प्रवेश नाकारला’ असे वाक्य बातमीत हमखास येते. घोटाळा त्या ‘असूनही’त आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन प्रवेश मागण्याची मुभा. आत घ्यायचे का आणि किती दिवसांसाठी, हे दारावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो.

खरे तर पहिली चाळणी निघतानाच, चेक-इन काउंटरवर लागते. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्याला परत नेण्याचा भारही तिच्यावरच पडतो. म्हणून तिथला कर्मचारी इतका काटेकोर असतो. पासपोर्टच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्राने वाचल्या जातात. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे त्यांच्यावरूनच हिशेबाने काढलेला एकेक पडताळणीचा अंक असतो. हाताने टंकताना शून्याऐवजी ‘ओ’ पडला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. ही माहिती बहुतेक ठिकाणी विमान उतरण्याआधीच त्या देशाकडे पोचलेली असते.

हरवलेल्या व चोरीच्या प्रवासी कागदपत्रांची इंटरपोलची यादी २००२ पासून आहे. पासपोर्ट हरवल्याची तक्रार दिली, महिन्याभराने तो कपाटात सापडला आणि माणूस तोच घेऊन निघाला, तर अडकण्याची शक्यता दाट. आपल्या लेखी तो सापडला. यादीत तो हरवलेलाच असतो. अशा वेळी नवाच पासपोर्ट वापरावा.

उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवर समाधान झाले नाही तर प्रवाशाला बाजूच्या खोलीत नेतात. तो नकार नव्हे, सविस्तर चौकशी असते: कुठे उतरणार, खर्च कोण करणार, परतीचे तिकीट कुठे आहे. घसरगुंडी होते ती उत्तरे व्हिसाच्या अर्जाशी जुळत नाहीत तेव्हा. पर्यटक व्हिसा आणि बॅगेत नोकरीचे नेमणूकपत्र, हा त्यातला ठरलेला प्रकार. अमेरिकेत अशा वेळी अधिकाऱ्याची तयारी असेल तर प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन परतता येते. त्याऐवजी तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला तर सहसा पाच वर्षांची बंदी येते. बातमीत दोन्हींना ‘परत पाठवले’ एवढेच म्हणतात.

मुदतीचा गोंधळ तर याहून मोठा. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहता येते ते प्रवेशाच्या नोंदीत दिलेल्या तारखेपर्यंतच. ती उलटून १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिले तर देश सोडल्यावर तीन वर्षे, वर्ष वा अधिक राहिले तर दहा वर्षे दार बंद. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही धरायचे. लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलात तर ९० दिवस संपले. पुढचा प्रवेश ३० जूनला. मध्ये चार दिवस बाहेर जाऊन आल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. पूर्वी पुसट शिक्क्यांवर वेळ निभावून जाई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे चेहरा व बोटांचे ठसे घेऊन संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, आता दिवस यंत्रच मोजते.

अधिकाऱ्याची मर्जी म्हणजे मनमानी, असेही नाही. जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला ढकलू नये, हे १९५१ च्या निर्वासित कराराचे ३३ वे कलम सांगते. आणि शेंगेनच्या सीमेवर नकाराचे कारण ठरावीक नमुन्यावर खूण करून लेखी द्यावे लागते, त्यावर अपीलही करता येते. आपल्या बातमीदारांनी तो कागद मागून पाहावा आणि खूण कोणत्या कारणापुढे आहे तेवढे छापावे.

– एक वाचक