ललिताबाईंचा कार्यक्रम

दादर, मुंबई

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा मिळाला. पार्ल्याच्या मंडळात ललिता पवारांवर तासाभराचा कार्यक्रम, हा बेत झकास आहे. फक्त सुरुवात शूटिंगमधल्या त्या थपडेने केली आहेस, तेवढी बदल. "एका थपडेने नायिकेची खलनायिका झाली" हे ऐकून लोकांचे कान किटलेत, आणि ते अर्धंच खरं आहे. थपडेआधी बाईंची चौदा वर्षं पडद्यावर गेली होती आणि नंतर चाळीसहून जास्त. कार्यक्रमात त्या एका क्षणाला किती जागा द्यायची ते यावरून ठरव.

आधीच्या वर्षांचं थोडक्यात सांग, पण सांगच. जन्म येवल्याचा, 18 एप्रिल 1916, माहेरचं नाव अंबा सगुण. "नवव्या वर्षी पडद्यावर" असं सर्रास छापून येतं. त्यांचा पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' 1928 चा धरला तर वजाबाकी जमत नाही, बारावं वर्ष येतं. तेव्हा आकडा टाळून "लहानपणी" म्हण. लोकांना खरं नवल वाटेल ते पुढच्या गोष्टीचं. 1932 च्या 'कैलाश' या मूकपटात त्या नुसत्या नट नव्हत्या, सहनिर्मात्याही होत्या, आणि वय होतं सोळा! 1938 ला 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. 1935 च्या 'हिम्मत-ए-मर्दां'त त्या स्वतः गायल्या आहेत. 'खाष्ट सासू' एवढीच ओळख घेऊन आलेल्या माणसाला या दोन मिनिटांत चांगला धक्का बसेल.

आता थप्पड. 1942, 'जंग-ए-आझादी', समोर भगवानदादा. हात जोरात बसला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला लकवा आला. एवढंच सांग, आणि भगवानदादांना खलनायक करू नकोस. पडद्यावरची थप्पड मुळात लागायचीच नसते. हात गालापासून वीतभर लांबून जातो, मधली फट दिसणार नाही अशा कोनात कॅमेरा लावतात, खाणारा हाताबरोबर मान फिरवतो, आवाज मागाहून भरतात. यात दोघांचं अंतर आणि मान फिरवायची वेळ आधी पाठ व्हावी लागते. खाणारा अर्धं पाऊल पुढे असला किंवा मान क्षणभर उशिरा फिरली तर पूर्ण वेगातला हात थेट गालावर येतो. आणखी एक. "तीन वर्षं घरी बसल्या" म्हणू नकोस, "तीन वर्षं उपचार चालले" म्हण. कारण 1944 ला प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई आहेत. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई आपल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही, म्हणून पहिली क्लिप तिचीच लाव.

कार्यक्रमाचा कणा मात्र 1955 साल असू दे. एकाच वर्षी दोन चित्रपट आले. 'श्री 420' मध्ये त्या फुटपाथवरची केळेवाली गंगामाई, तर 'मिस्टर अँड मिसेस 55' मध्ये पैसेवाल्या घरातली, लग्नसंस्थेवर तुटून पडणारी सीतादेवी. या क्लिपा पाठोपाठ लाव, मध्ये एक शब्द बोलू नकोस. गंगामाईचा केळी विकण्याचा प्रसंग घे. राज उलटीच घासाघीस करतो, आणि हसू येतं ते ललिताबाईंच्या तोंडाकडे बघून, कारण त्या विनोद करत नाहीत, धंदा करतात. त्या तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या आणि राज कपूर तीस. नऊ वर्षांचंही अंतर नाही, तरी ती माय वाटते. हे मेकअपने होत नाही. बसणं, हात, आवाजातला थकवा, सगळं एका वयाचं लागतं. एक जरी तरुण राहिलं तरी सोंग उघडं पडतं.

सीतादेवीबद्दल तयारीत राहा. हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षीचा हा चित्रपट आहे आणि घटस्फोट मागणाऱ्या बायकांची त्यात यथेच्छ टिंगल आहे. सभागृहातली एखादी बाई उठून बोलेलच, आणि बोलावंच. चित्रपटाची बाजू घेत बसू नकोस. एवढंच दाखव, की लिहिणाऱ्याने सीतादेवीला हास्यास्पद केलं तरी करणारीने केलं नाही. आपलंच खरं आहे अशा खात्रीने ती बोलते. माझ्या मते त्या चित्रपटातलं सर्वांत अवघड काम ते आहे.

मग 'अनाडी', 1959. फटकळ तोंडाची आणि मायाळू घरमालकीण मिसेस डिसा. भेसळीच्या औषधाने तिचा जीव जातो. सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर याच भूमिकेला मिळालं. क्लिप मृत्यूची घेऊ नकोस, रागावण्याची घे. बारा वर्षांनी 'अनाडी'चेच दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांनी 'आनंद'मध्ये त्यांना मेट्रन केलं आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवलं. जाणकार मंडळी या उल्लेखावर खूश होतील.

'जंगली' गाळलास तरी चालेल, शम्मी कपूर सगळं खाऊन टाकतो. त्याऐवजी 1962 चा 'प्रोफेसर' घे. कडक शिस्तीची बाई म्हाताऱ्या मास्तरच्या प्रेमात पडून नटायला लागते. त्या इतक्या मनापासून लाजतात की हसता हसता बाईची दया येते. शेवटी मंथरा. 'रामायण' मालिकेतली सगळ्यांना आठवते, पण 1961 च्या 'संपूर्ण रामायण'मध्येही मंथरा त्याच आहेत. सव्वीस वर्षांनी, सत्तरी गाठल्यावर, तीच भूमिका पुन्हा! दाखव मात्र 1961 चीच, त्याचं कारण खाली येतंय.

चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. म्हणजे 1955 चे चित्रपट 2015 अखेर सुटले, 1962 चा 2022 अखेर. 'आनंद' 2031 अखेरपर्यंत बांधलेला आहे आणि मालिका तर त्याच्याही पुढे. त्या दोन्हींबद्दल नुसतं बोल. क्लिपमध्ये गाणं येऊ देऊ नकोस. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो.

क्लिपा कापताना तू ललिताबाईंच्या वाक्यापासून सुरुवात केली आहेस, तिथे घोळ आहे. समोरच्याची दोन वाक्यं आधी ठेव. सहाय्यक नटाचं निम्मं काम ऐकण्यात असतं, तेच कापलं तर उरते आरडाओरड. शेवटीही दोन सेकंद जास्त सोड. एकेक क्लिप अडीच मिनिटांची, अशा सहा, मिळून पंधरा मिनिटं. तीन मिनिटांच्या पुढे गेलास की मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालीच म्हणून समज.

इंटरनेटवरून उचललेल्या प्रती नीट तपास. पकडले जाऊ नये म्हणून काहीजण चित्र आरशासारखं उलटं करून चढवतात. बाईंचा बारीक झालेला डोळा डावा, म्हणजे समोरून बघताना पडद्यावर तो उजवीकडे दिसला पाहिजे. डावीकडे दिसला तर प्रत उलटी. जुन्या डीव्हीडीवरून घेतलेली प्रत कधीकधी सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी पळते. दहा मिनिटांचा प्रसंग चोवीस सेकंद आधी संपतो आणि आवाज चढा लागतो. ललिताबाईंचं सगळं भांडवल आवाजात, त्यामुळे ही प्रत घेऊच नकोस. 1955 ची चौकट 4:3 ची आहे. प्रोजेक्टरने ती ताणली तर गंगामाई भोपळ्यासारखी दिसेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत.

एचडीएमआय लावली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे पाठवतो आणि सभागृहाचा स्पीकर गप्प बसतो. सेटिंगमध्ये आवाज हेडफोनच्या भोकाकडे वळवून तिथून मिक्सरला वायर ने. सहाही क्लिपांचा आवाज आधी एका पातळीवर आण, नाहीतर आनंदीबाई ऐकू येणार नाही आणि सीतादेवी कानठळ्या बसवेल. चाचणी रिकाम्या सभागृहात केलीस तर खुर्च्या भरल्यावर आवाज थोडा वाढवावा लागेल, माणसं आवाज पितात.

फोटो हवे असतील तर पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला आताच पत्र टाक. पेडर रोडच्या गुलशन महालातलं संग्रहालयही एकदा बघून ये, मूकपटांच्या काळाबद्दल बोलायला पाया मिळेल. बहुतेक मूकपट उरलेलेच नाहीत, तेव्हा 'कैलाश'साठी क्लिप शोधत बसू नकोस.

शेवटी "सातशे चित्रपट" हा आकडा घोषणेसारखा म्हणू नकोस, कोणी यादी मागितली तर पंचाईत होईल. 1961 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सांग आणि 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात गेल्या एवढं सांग. शेवटच्या दिवसांच्या बातम्या उगाळू नकोस. क्लिपा कापून झाल्या की त्यांच्या वेळा पाठव. प्रश्नांना दहा मिनिटं उरत नसतील तर पहिली काट 'संपूर्ण रामायण'ला लावू.

तुझा,
वसंत