शेल वायू आणि आपली बोअर

महोदय,
शेल वायूची बातमी आली की आमच्या धरमपेठेतल्या सकाळच्या कट्ट्यावर कोणी तरी म्हणतंच, "बोअर मारायची, गॅस वर!" एवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

शेल हा मातीचा थरावर थर बसून झालेला खडक. त्यात तेल-वायू असतात, पण छिद्रं इतकी बारीक आणि एकमेकांपासून तुटलेली की नुसतं भोक पाडून काही हाती लागत नाही. म्हणून दोन-तीन किलोमीटर खाली उतरून विहीर आडवी वळवतात. पोलादी नळीला स्फोटकांनी भोकं पाडतात आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व थोडी रसायनं आत सोडतात. खडक तडकतो. दाब काढला की भेगा मिटायला बघतात, तेव्हा वाळूचे कण त्यात पाचरीसारखे अडकून बसतात आणि वायूला वाट मिळते. (खरी कमाल वाळूची!) असा दाबाने खडक तडकवण्याचा पहिला प्रयोग १९४७ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये झाला.

आपल्याकडे आटलेल्या विंधन विहिरीत दाबाने पाणी सोडून भेगा मोकळ्या करतात, ते याचंच धाकटं भावंड. पण शेलच्या एकेका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं, आणि परत येणारं खारट, दूषित पाणी मुरवायचं कुठे? अमेरिकेतल्या ओक्लाहोमात तेल-वायूच्या विहिरींतलं असं पाणी खोल जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या नागपूरकराला आधी वायूपेक्षा या पाण्याचा हिशेब हवा.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर