दाजू, त्या रात्री तुम्ही नाही म्हणालात म्हणून

दाजू (तुमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं), नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी येत नाही, पण अक्षरं तर तीच आहेत, आणि नेपाळमध्ये तुम्ही आमचे गाईड होतात तेव्हा मनांगच्या वाटेवर माझ्या चिवड्याच्या पाकिटावरचं मराठी तुम्ही एकेक अक्षर लावत वाचलं होतं ते मला अजून आठवतंय. चालण्याला तुमच्याकडे हिंड्नु म्हणतात हे कळलं तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी केवढ्या खूश झालो होतो, आमच्याकडेही हिंडणंच की! अर्थ लागला नाही तर फोन करा, मी हिंदीत सांगेन. पण आभार मला माझ्या भाषेतच मानायचे होते. आणि इथून दर सीझनला जी मुलंमुली अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकला निघतात त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही नाशिकच्या. कॉलेजपासून सह्याद्रीत फिरतोय, कळसूबाई तर किती वेळा झालं मोजलेलंच नाही, त्यामुळे पाय मजबूत आहेत म्हणजे सगळं जमेल असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आणि तुमचं मनांग, म्हणजे जिथे लोक राहतात, शेती करतात, शाळेत जातात ते गाव, साडेतीन हजारांवर. हा फरक पायांना कळत नाही, तो डोक्याला आणि फुप्फुसांना कळतो, आणि तोसुद्धा उशिरा.

तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात. बिस्तारै, बिस्तारै, म्हणजे हळूहळू. चामे गावापर्यंत जीपने आलोय, शरीराला सवय व्हायला वेळ मिळालेला नाही, मनांगला दोन रात्री तरी थांबूया. आणि आम्ही काय केलं, तर परतीच्या तिकिटाचं कारण सांगून एकाच रात्रीवर आलो. तुम्ही वाद घातला नाहीत. फक्त म्हणालात की मग दुपारी हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात त्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं, त्यात सूट नाही. मला खरंतर झोपायचं होतं. पण आलो, बसलो, ऐकलं. थोरोंग ला, म्हणजे आम्हाला ओलांडायची ती खिंड, ५४१६ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, डोकं दुखत असेल तर वर जाऊ नका, लपवू नका. हे सगळं मी वहीत लिहूनही घेतलं.

आणि कान्छीने लपवलंच. (तुम्ही तिला कान्छी, म्हणजे धाकटी, म्हणायचात, आता घरी आम्ही सगळेच म्हणतो.) मनांगच्या वरच्या याक खर्कापासून तिचं डोकं ठणकत होतं आणि ती माझ्याही नकळत पेनकिलर घेत होती, कारण तिच्या आईने सांगितलं होतं, मुक्तिनाथच्या देवळात माझ्या नावाने पाण्याच्या १०८ धारांखालून जा. आईंचे गुडघे गेलेत, त्यांना स्वतःला कधीच जमणार नव्हतं. खिंडीपलीकडे उतरलं की मुक्तिनाथ, एवढंच तिच्या डोक्यात होतं, मी तिला दोष देऊ शकत नाही.

खिंडीच्या पायथ्याशी, थोरोंग फेदीला संध्याकाळी लसणाचं सूप प्यायली आणि सगळं उलटून पडलं. मला वाटलं पित्त असेल. तिला जॅकेटची चेन लावता येत नव्हती, मला वाटलं थंडीने बोटं आखडली असतील. तुम्ही मात्र हातातला चहा ठेवून आलात, तिला उभं केलंत आणि लॉजच्या फळ्यांच्या जमिनीवर एका रेषेत चालायला सांगितलंत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. चौथ्या पावलाला ती डावीकडे कलंडली आणि भिंतीवर आदळली. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लेक लाग्यो, म्हणजे उंची बाधली, एवढंच म्हणालात आणि बॅगा भरायला लागलात.

दाजू, त्यानंतर मी जे बोलले त्याबद्दल मला आधी माफी मागायचीये. रात्रीचे साडेसात, बाहेर कडाक्याची थंडी, मी म्हणाले सकाळपर्यंत बघूया, गोळी देऊया, एवढे पैसे घालून आलोय, तिच्या आईला काय सांगू. आवाजही चढला होता माझा. तुम्ही शांतपणे म्हणालात, भन्ज्याङ (खिंड) यहीं रहेगा बहिनी, ये रात में मर सकती है. २०१४ च्या ऑक्टोबरात हुडहुड चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी याच भागात जे बर्फाचं वादळ झालं, चाळीसवर माणसं गेली, त्याबद्दल तुम्ही आदल्या रात्री चुलीपाशी थोडंसंच बोलला होतात. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला तेच आठवलं आणि मी गप्प झाले.

फेदी ते याक खर्का, येताना तीन तासही लागले नव्हते. त्या रात्री उतरायला चारपेक्षा जास्त लागले. लॉजमधला तो पोरगेलासा भाऊ तुमच्या एका शब्दावर टोपी घालून निघाला, त्याचं नावही मी विचारलं नाही, त्यालाही माझा नमस्कार सांगा. दरड कोसळते त्या उतारावर तुम्ही हेडलॅम्प वर धरून उभे राहिलात, दगडांचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकलंत, मग एकेकाला पलीकडे सोडलंत. कान्छीला तुम्ही पाठीवर घेतलं होतं. ती मधूनच असंबद्ध बडबडत होती, मला ताई म्हणत होती, जे ती कधीच म्हणत नाही, आणि तुम्ही तिच्याशी सतत बोलत होतात, घरी कोण असतं, आई काय करते, जेवायला काय आवडतं, म्हणजे ती जागी राहील. मी मागून फक्त तुमच्या बुटांच्या टाचा बघत चालत होते.

सकाळी घोडा मिळवून मनांग. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, आणि डॉक्टर म्हणाल्या मेंदूला सूज यायला लागली होती, रात्री खाली आणलं नसतं तर कठीण होतं. मी तुम्हाला शोधत बाहेर आले तर तुम्ही पायरीवर बसल्या बसल्या झोपला होतात, हातात तिची पाण्याची बाटली तशीच धरलेली. ते दृश्य मी कुणाला नीट सांगू शकत नाही, प्रयत्न केला की घसा भरून येतो.

तिसऱ्या दिवशी ती दाल भात मागून खायला लागली. जास्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, खाली सोडताना फक्त सांगितलंत की आईला खोटं सांगू नका, खरं सांगा. सांगितलं. आई खूप रडल्या, मग तुमचा फोटो मागितला.

आणि महिन्याभराने तो व्हिडिओ आला. दुसऱ्या ग्रुपला घेऊन तुम्ही खिंड ओलांडली होती आणि मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली एकेक करून हात धरत गेलात, आमाको नाम, आमाको नाम म्हणत. एकशे आठही. पाणी किती गार असेल ते दिसत होतं, हात लाल झाले होते तुमचे. आईंनी तो देव्हाऱ्यासमोर बसून पाहिला, आणि पूर्ण होईपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.

त्यांनी तुमच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाय, छातीचं माप कळवा. आणि ऑक्टोबरमधल्या तारखा आमच्यासाठी राखून ठेवा. कान्छी डॉक्टरांना विचारून, तपासण्या करूनच येतेय, मनांगला तीन रात्री राहणार आहोत आणि परतीचं तिकीट यावेळी अजून काढलेलं नाही.

तुमची बहिनी