"केलं तसं भोगतोय"

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा दारूपायी हॉस्पिटलात पडलेल्या त्यांच्या जुन्या मित्राबद्दल म्हणाले, "केलं तसं भोगतोय." ड्यूटीवर होते, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण वॉर्डात हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि मला ते अर्धंच खरं वाटतं.

दारूने लिव्हर जातं, स्वादुपिंडाला सूज येते, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 साली जगभरात 26 लाख माणसं दारूपायी गेली. पण पिणारे सगळेच काही आमच्याकडे भरती होत नाहीत. तेवढीच पिणारा एक जण सत्तरीतही हिंडताफिरता असतो, दुसरा चाळिशीतच पोटात पाणी होऊन येतो. स्कॉटलंडमध्ये 50 हजारांहून जास्त लोकांच्या पिण्याची माहिती त्यांच्या पुढच्या हॉस्पिटलच्या नोंदींशी ताडून पाहिली होती. 2017 साली ते छापून आलं. पिणं सारखं धरलं, सिगारेट आणि वजनही हिशेबात घेतलं, तरी गरीब वस्तीतल्यांचं नुकसान जास्तच निघालं.

मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. हातावर पोट असलेला माणूस ओपीडीच्या रांगेत बसला की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून डोळे पिवळे झाले तरी तो अंगावर काढतो आणि रक्ताची उलटी झाली की मगच येतो. पोटात अन्न नाही, छातीचं जुनं दुखणं आहे, डोक्यावर कर्ज आहे. आठवडाभरात बरा करून आपण त्याला परत त्याच खोलीत पाठवतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा हजर. सिस्टर त्याला नावाने ओळखतात.

आणि लाज! ही तर गरीब-श्रीमंत सगळ्यांना. मध्यंतरी एक गृहस्थ पाय मोडून आले. दारूचं विचारलं तर बायकोने मान हलवली, "छे, छे." तिसऱ्या दिवशी ते चादरीवरून नसलेले दोरे वेचायला लागले, हात थरथर कापत होते, सलाईन ओढून काढलं. घरच्यांना वाटलं, भूल अजून उतरली नाही. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असं होतं, आणि वेळेत कळलं नाही तर जिवावर बेतू शकतं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं. मला राग त्या बाईंचा नाही आला. "बेवडा" म्हणून शेरा बसेल या भीतीने त्या गप्प होत्या, आणि ती भीती खोटी नाही, कारण शेरा मारणारे आमच्यातही आहेत.

बाबा, तुम्ही म्हणाल, शेवटी ज्याच्या त्याच्या मनावर असतं. मग हे बघा. त्याच स्कॉटलंडने 2018 मध्ये दारूला किमान दर ठरवून दिला, त्याखाली विकायची नाही. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, एरवी झाले असते त्यापेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी कमी झाले, आणि जास्त फरक पडला तो गरीब भागांत. माणसांची मनं काही एका कायद्याने बदलली नव्हती.

आता तुमच्याबद्दल. रिटायर झाल्यापासून संध्याकाळचा पेग रोजचा झालाय, हे आईने सांगितलंय (तिच्यावर चिडू नका). वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे पूर्वीचाच पेग आता रक्तात जास्त चढतो. त्यावर तुमची झोपेची गोळी. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडून येणारे म्हातारे मी खूप बघते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन्ही सांगा, आणि आई, तू "कधीतरी घेतात" म्हणू नकोस. रोज म्हणजे रोज.

तुमच्या मित्राला डिस्चार्ज मिळाला की त्यांच्याकडे जाऊन या. वहिनी गेल्यापासून ते एकटेच आहेत ना? घरी सोडल्यावरचे पहिले काही आठवडेच कठीण असतात. गोळ्या घेतायत का, जेवतायत का, एवढं बघितलंत तरी पुष्कळ. आणि पुन्हा पीत असतील तर "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका. दारू एकदम तुटली की काय होतं ते मघाशी सांगितलंच. आधी डॉक्टरांकडे न्या.

तुमची,
लेक