टेंट टाकायला जागा द्या, पण मोजून द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा जानेवारीत एका शनिवारी संध्याकाळी आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, खालच्या अंगाला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर सहा टेंट पडले. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, कुठल्यातरी ट्रेकिंगवाल्यांनी मोबाईलवर पैसे घेऊन पंचवीस-तीस पोरांना आणून सोडलेलं. रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर चालू होता. सकाळी आम्ही खाली गेलो तर कुंभ्याच्या झाडाच्या अगदी बुडाशी जाळ केलेला, साल एका बाजूने हातभर काळी पडलेली, प्लेटी आणि नूडल्सची पाकिटं झाडीत उडालेली आणि व्हाळाच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, फुटलेल्या बाटल्या. त्यातली एक काच आमच्या गाईच्या खुरात गेली, आठ-दहा दिवस ती लंगडत होती आणि मी रोज सकाळी खूर धुवून हळद-खोबरेल लावून फडकं बांधत होते.

हे पत्र त्या पोरांवर राग काढायला लिहीत नाहीये. त्यांच्यातल्या दोघांनी मी खाली गेल्यावर स्वतःहून कचरा गोळा करायला सुरुवात केली, एकजण तर माफी मागून विचारत होता की काकी, इथे टॉयलेट कुठे आहे, कचरा कुठे टाकायचा. मी त्याला काय सांगणार, कुठेच नाही. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, कारण त्याच्या सहा महिने आधी मी स्वतः टेंटमध्ये राहून आले होते आणि तिथे हा प्रश्न कोणाला विचारावाच लागला नव्हता.

माझी धाकटी बहीण ग्लासगोला असते, गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्याकडे गेले होते. भाचा म्हणाला मावशी, चल तुला लॉख लोमंड दाखवतो. लॉख म्हणजे तिकडे तलाव, पण हा एवढा मोठा की साधारण 36 किलोमीटर लांब, ब्रिटनच्या मुख्य बेटावरचा क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा. त्याच्या भोवतालचं रान, डोंगर, गावं मिळून लॉख लोमंड अँड द ट्रॉसॅक्स नॅशनल पार्क आहे, 2002 मध्ये झालेलं, स्कॉटलंडमधलं पहिलं, 1,865 चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्या अख्ख्या गोव्याच्या निम्म्याहून जास्त. आणि मला सगळ्यात आधी काय नवल वाटलं असेल तर या नॅशनल पार्कात माणसं राहतात, पंधरा हजाराच्या आसपास, त्यांची घरं, मेंढरं, शाळा, दुकानं सगळं आत. आपल्याकडे नॅशनल पार्क किंवा अभयारण्य म्हटलं की आमच्या सत्तरी तालुक्यातला माणूस दचकतो, आता आमचं घर उठवणार का म्हणून विचारतो, म्हादईच्या रानातल्या प्रस्तावित व्याघ्र प्रकल्पाच्या बाबतीत तेच चाललंय.

तिथे 2003 चा एक कायदा आहे, त्याने लोकांना हक्क दिलाय की तुम्ही जबाबदारीने वागणार असाल तर माळावर, डोंगरावर, रानात कुठेही चाला, टेंट टाकून रात्र काढा, जमीन दुसऱ्याची असली तरी. लोकांच्या घरांजवळ आणि उभ्या पिकात नाही, बाकी चालेल. एवढी मोकळीक ऐकून मला वाटलं की मग तिथे कचऱ्याचे डोंगर असणार. तर भाचा म्हणाला की होते ना, नुसते होते. ग्लासगो शहर तासाभरावर, उन्हाळ्याच्या प्रत्येक वीकेंडला पूर्व काठावर बालमाहापासून रोवर्डेननपर्यंत गर्दी, दारू, मारामाऱ्या, जाळासाठी जिवंत झाडं तोडलेली, टेंट तसेच टाकून निघून जायचे लोक, नवीन विकत घेतलेले टेंट. मग 2011 मध्ये त्या काठापुरता नियम केला आणि मार्च 2017 पासून आणखी काही तलावांच्या काठांना लावला. मार्च ते सप्टेंबर या सात महिन्यांत त्या ठराविक पट्ट्यांत टेंट टाकायचा असेल तर परमिट काढायचं किंवा अधिकृत कॅम्पसाइटवर बुकिंग करायचं, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता यात खरी गोष्ट बघा, ती मला भाच्याने नकाशा उघडून दाखवली. हे परमिटचे पट्टे मिळून पार्कच्या 4 टक्क्यांहून कमी जागेत आहेत. बाकीचं 96 टक्क्यांहून जास्त पूर्वीसारखं मोकळं. म्हणजे त्यांनी अख्ख्या रानावर बंदी घातली नाही, जिथे गाडी पोचते, पाणी आहे, गर्दी होते, तेवढाच काठ उचलला आणि तिथे माणसं मोजली. चालणाऱ्या लोकांच्या संघटनांनी त्यालाही विरोध केला होता, आमचा हक्क कमी करताय म्हणून, आणि त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, हक्क एकदा आकसला की परत मिळत नाही. पण तो काठ बघितल्यावर मला तरी पटलं.

आम्ही राहिलो लॉख शॉनला. लहान तलाव आहे, त्याच्या काठाला पार्कवाल्यांनी 2017 मध्ये कॅम्पसाइट केली, 26 टेंटांची, सत्ताविसावा नाही. गाडी एका बाजूला लावून सामान हातात घेऊन जायचं, आपल्या नावाची जागा झाडांच्या मधे, शेजारचा टेंट दिसतो न दिसतो एवढ्या अंतरावर. पाण्याची सोय, स्वच्छ टॉयलेट. संध्याकाळी रेंजरबाई आल्या, नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, गोवा म्हटल्यावर हसल्या, आणि मग आमच्या जाळाकडे बघितलं. भाच्याने जाळ जमिनीवर केला नव्हता, पायांवर उभं केलेलं लोखंडी घमेलं होतं त्यात, विकत आणलेल्या लाकडांचा. त्या म्हणाल्या ठीक आहे, झोपायच्या आधी पाणी ओता आणि हाताने चाचपून बघा. एवढंच बोलून पुढच्या टेंटकडे गेल्या. ना शिट्टी ना आरडाओरड. रात्री दहा वाजून गेले तरी उजेड होता, जूनमध्ये तिथे सूर्य मावळायलाच दहा वाजतात, आणि त्या उजेडात मिज नावाचे किडे, आपल्या चिलटांपेक्षा बारीक, ढगच्या ढग अंगावर येतात, डोक्यावर जाळी घातल्याशिवाय बाहेर बसता येत नाही.

दुसऱ्या रात्री बहिणीने मला पॉडमध्ये नेलं, तिला जमिनीवर झोपवत नव्हतं. त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. उलटी ठेवलेली होडी असावी तशी लाकडी खोली, आत खाट, हीटर, चहाची किटली, पाऊस आला तर वरच्या फळ्यांवर नुसता टपटप आवाज. पैसे टेंटच्या कितीतरी पट. खरं सांगायचं तर मला टेंटच आवडला पण माझ्या वयाच्या बायकांना, लहान मुलं असलेल्यांना पॉड बरा, आणि तो पॉड एका शेतकरी कुटुंबाचा होता, मेंढरांच्या जोडीला हा धंदा. सकाळी त्या घरची मुलगी अंडी घेऊन दारात आली, अंडी त्यांच्याच कोंबड्यांची.

तिथे गोचिडांचं फार सांगत होते. उंच गवतातून चालून आलात की पाय, गुडघ्याच्या मागची बाजू, कंबर तपासा, चिमट्याने सरळ ओढून काढा, कारण त्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. ते ऐकून मला आपल्या माकडतापाची आठवण झाली. सत्तरीत 2015 पासून आपण माकडताप बघतोय, काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना झाला, माणसं गेली, तोही गोचिडीमुळेच, आणि त्याचे महिने साधारण डिसेंबर ते मे. बरोबर तेच महिने जेव्हा बाहेरची पोरं आपल्या रानात पाचोळ्यावर चादरी टाकून झोपतात. जानेवारीत आलेल्या त्या पंचवीस-तीस जणांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, मी विचारलं होतं. त्यांना आणणाऱ्याने सांगितलं नव्हतं. यातला एखादा पुण्याला-बेंगळुरूला परत जाऊन तापाने आजारी पडला तर तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात माकडताप येईल का?

तीच गोष्ट आगीची. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, किती दिवस धुमसत होतं सगळं, आम्ही अंगणातून रात्री डोंगरावरची लाल रेघ बघत होतो. त्या आगी कशाने लागल्या त्या वादात मी पडत नाही. पण फेब्रुवारीनंतर आपला पाचोळा एवढा सुकतो की पाय ठेवला की पापडासारखा मोडतो, त्याच्यावर उघडा जाळ करायची परवानगी कोणालाच असू नये, आम्हा गावकऱ्यांनाही नाही.

आता आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. पर्यटनस्थळांवर उघड्यावर दारू प्यायला, स्वयंपाक करायला 2019 मध्ये बंदी आली, तेव्हा एकट्याला दोन हजार आणि ग्रुपला दहा हजार दंड ठेवला होता. 2023 च्या जुलैत माणसं बुडाल्यावर अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी आली. सगळीकडे बंदी, बंदी, बंदीचे फलक. आणि बंदी असलेल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवर, आमच्या व्हाळासारख्या ठिकाणी जिथे फलक नाही तिथे टेंट पडतात, कारण कुठे टाकायचा हे सांगणारा एकही फलक सत्तरीत मला तरी कुठे दिसलेला नाही. माणूस येणारच. किनारे भरले, लोकांना आता डोंगर हवाय, चोर्ला घाटाकडे शनिवारच्या गाड्या मोजा एकदा. बंदीने फक्त एवढंच होतं की चांगला माणूस घाबरून घरी बसतो आणि मोबाईलवर पैसे घेणारा रात्रीच्या अंधारात घेऊन येतो.

म्हणून माझं मागणं आहे की वन खातं, पर्यटन खातं आणि पंचायतींनी एकत्र बसून सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या चार तालुक्यांत मोजक्या जागा ठरवाव्यात. अभयारण्याच्या आत नको. तिकडच्या रानात वाघ-बिबटा नाही, गवा नाही, नागराज (किंग कोब्रा) नाही, आपल्याकडे आहे, त्यामुळे तिकडचं जसंच्या तसं इथे उचलून चालणार नाही, त्या जनावरांची रात्र त्यांना ठेवली पाहिजे. जागा गावाच्या कडेला, कुळागराच्या वरच्या माळावर, जिथे आधीच माणसाचा वावर आहे. एका जागी दहा-बारा टेंट, त्याच्यावर एकही नाही. ऑनलाईन परमिट, त्यात प्रत्येकाचं नाव आणि फोन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघडं, मार्चपासून आगीमुळे बंद आणि पावसात तर बंदच. दोन टॉयलेट, एक नळ, जाळासाठी लोखंडी घमेली पंचायतीची, लाकूडही पंचायत विकेल. स्पीकर नाही. आणि परमिट हातात देतानाच माकडतापाचा कागद द्यायचा, गोचीड कशी बघायची, ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचं, मराठीत, कोंकणीत, हिंदीत, इंग्रजीत.

आणि रेंजर गावचाच पाहिजे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या वाड्यावरची पोरं रोज सकाळी वाळपईहून बस पकडून दूरच्या फॅक्टरीत जातात, आठवड्याची पाळी, कंत्राटी पगार. त्यांना कुठल्या वाटेवर गवे उतरतात ते माहीत आहे, कुठल्या कोंडीला तळ नाही ते माहीत आहे, नवीन माणसाला ते दिसत नाही आणि तो बुडतो. लॉख शॉनच्या त्या रेंजरबाईंसारखं संध्याकाळी फिरून चार शब्द बोलणं, एवढ्या कामासाठी चार-सहा पोरं प्रत्येक गावात लागली तर परमिटच्या पैशातून त्यांचा पगार निघायला हरकत नाही. ज्यांना पॉड किंवा तंबूची खोली बांधायची आहे त्यांनी बांधावी पण गावच्या माणसाने, आपल्या जमिनीत, दोन किंवा तीन. बाहेरचा कोणी येऊन डोंगर कापून चाळीस डोम उभे करणार असेल तर त्याला ग्लॅम्पिंग म्हणू नका, ते हॉटेल आहे आणि त्याला हॉटेलचे सगळे नियम लावा.

पाण्याचंही एक सांगते. त्याच पार्कात लॉख कॅट्रिन आहे, ग्लासगो शहराला 1859 पासून तिथलं पाणी जातं, बहिणीच्या घरी नळाला येतं ते हेच. म्हणून तो तलाव ते जपतात. आमचा व्हाळ पुढे जाऊन म्हादई नदीलाच मिळतो. जानेवारीत त्याच्या कोंडीतून मी आणि माझ्या मुलाने दोन पोती काच आणि प्लास्टिक काढलं, तळाला अजून असेल, पाणी ओसरलं की परत बघू.

आमच्या कुळागराच्या वर काजूच्या पलीकडे सपाट माळ आहे, आठ टेंट सहज मावतील, व्हाळापासून पुरेसा लांब आणि रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. पंचायतीने नियम करून दिले तर तो तुकडा मी चार महिन्यांसाठी द्यायला तयार आहे, तसा अर्ज ग्रामसभेत दिलाय. खात्याचं कोणी बघायला येणार असेल तर सकाळी लवकर यावं, नऊनंतर तिथे ऊन लागतं, आणि येताना लांब पँट आणि बूट घालून यावं.

आपली,
एक बागायतदार वाचक
सत्तरी, गोवा