दोन नळ, सहा तासांचा रविवार आणि ‘शिस्तप्रिय’ ब्रिटन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनमधल्या राहणीवरचा लेख आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या फिरतोय, निम्मे वा वा करतायत, निम्मे हसतायत. लेखकाचं म्हणणं असं की इथल्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. अहो रक्तात कसली डोंबलाची! मी इंग्लंडमधल्या रेडिंगला राहते, आणि मला तरी असं दिसतं की इथे कधीकाळी कोणीतरी एक नियम करून ठेवतो, पुढे त्याचं कारण उरो न उरो, तो काढायला कोणी उठत नाही. इथली बरीचशी सुखं त्यातनं येतात आणि डोक्याला तापही त्यातनंच.

नळाचंच घ्या. आमचं भाड्याचं घर व्हिक्टोरियन, म्हणजे शंभर वर्षांच्या वरचं. बेसिनला दोन नळ, एक डाव्या टोकाला एक उजव्या. डाव्यातनं आधी गार येतं आणि मग एकदम चटका, उजव्यातनं नुसता बर्फ. जानेवारीत तोंड धुवायचं म्हणजे ओंजळ इकडून तिकडे पळवत बसायचं. साखळीला लटकलेलं रबरी बूच लावून बेसिन भरायचं आणि त्यात तोंड धुवायचं ही म्हणे खरी पद्धत, पण आपल्याला वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात तोंड बुडवायला जीव धजत नाही. याचं कारण नंतर एका प्लंबरने सांगितलं. पूर्वी गार पाणी थेट सरकारी लाइनचं, प्यायचं, आणि गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतनं यायचं. त्या टाकीत उंदीर पडलाय का कबूतर, कोणाला माहीत! ते पाणी उलटं फिरून प्यायच्या लाइनीत जाऊ नये म्हणून दोन्ही एका नळात एकत्र करायला बंदी. बरोबरच होतं की तेव्हा. आता बहुतेक घरांत टाकीच नाही, भिंतीवरचा बॉयलर लागेल तसं पाणी तापवतो, पण नळ दोनच. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, चालू आहेत ना?

रविवारची तर वेगळीच तऱ्हा. 1994 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सलग सहाच तास विक्री करू शकतं, तेही सकाळी 10 ते संध्याकाळी 6 च्या मधे, म्हणून बहुतेक सुपरमार्केटं चारला बंद. स्कॉटलंडमध्ये हे काही नाही. लंडन ऑलिंपिकच्या वेळी 2012 मध्ये आठ आठवडे ढील दिली होती, 2016 मध्ये सरकारने बदलायचा प्रयत्न केला तर पार्लमेंटने 317 विरुद्ध 286 मतांनी पाडला. काही दुकानं तर अर्धा तास आधी दार उघडतात, ट्रॉली भरा, पण पैसे दहा वाजल्याशिवाय घेणार नाहीत, म्हणजे पावणेदहाला दूध, ब्रेड, कांदे घेऊन माणसं काउंटरपाशी घड्याळाकडे बघत उभी.

पण गंमत बघा, त्याच रविवारी साडेतीनला दुकानात जावं. ज्याची तारीख आज संपतेय त्या मालावर दुकानातला पोरगा मशीनने पिवळी लेबलं डकवत असतो, किंमत निम्मी, मग आणखी कमी. आजूबाजूला पाच-सहा जण दह्याचे डबे वाचत असल्यासारखे घुटमळतायत, कोणी कोणाकडे बघत नाही, आणि सगळ्यांचं लक्ष त्या मशीनकडे. लेबल लागेपर्यंत पुढे हात घालायचा नाही हा नियम कुठेही लिहिलेला नाही, तरी पाळतात. रास्पबेरीचा डबा चिल्लरमध्ये मिळाल्यावर होणारा आनंद मी पगारवाढीला पण अनुभवला नाही.

रुळावर पानं पडली म्हणून गाडी लेट, हे मात्र कुठल्या नियमात बसवायचं मला कळत नाही. कोकण रेल्वेतनं जाणारा माणूस हसेल, पण ओली पानं चाकाखाली चिरडून रुळावर गुळगुळीत काळा थर बसतो, ब्रेक धरत नाहीत, शरद ऋतूत पाण्याचे फवारे मारणाऱ्या खास गाड्या फिरवाव्या लागतात. पटतं, पण चिडचिड व्हायची ती होतेच.

आता झेब्रा क्रॉसिंग. त्या काळ्यापांढऱ्या खांबावरचा लुकलुकणारा पिवळा गोळा 1934 चा, तेव्हाचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या नावाने ओळखतात, आणि पट्टे 1951 चे. पट्ट्यावर पाय पडला की गाडीने थांबायचंच. 2022 पासून तर कडेला वाट बघणाऱ्यासाठी पण थांबावं असं नियमपुस्तकात आलंय. साताऱ्याहून आई आली होती, ती आधी पाऊलच टाकेना. गाडी थांबली की म्हणायची, “अगं जाऊ दे त्याला, घाईत असेल बिचारा,” आणि हाताने त्याला पुढे जा म्हणून खुणवायची, तो हिला खुणवायचा, मागे चार गाड्या, एकाचाही हॉर्न नाही. दुसऱ्या आठवड्यात बाई नगराध्यक्षासारख्या हात वर करून रस्ता ओलांडायला लागल्या. परत गेल्यावर पोवई नाक्यावर तसंच पाऊल टाकलं, तेव्हा रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते तुम्ही छापणार नाही.

पण मला इथलं सगळ्यात काय आवडतं सांगू? शेतातल्या पायवाटा. रेडिंगहून ट्रेनने गोरिंगला उतरायचं आणि चालत सुटायचं. कुंपणाला लाकडी पायरी, चढून पलीकडे उतरायचं, समोर कोणाच्या तरी खासगी मालकीचा गहू, आणि त्याच्या मधोमध माणूस जाईल एवढी मोकळी वाट. मालक ट्रॅक्टरवर असला तर हात करतो. चांगुलपणा असेलही, पण मुळात तो अडवूच शकत नाही. 1949 च्या कायद्याने कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, आणि नकाशावर वाट आहे म्हणजे आहे. शेतातून जाणारी वाट नांगरली गेली तर 14 दिवसांत ती किमान एक मीटर रुंदीची परत करून द्यायची हे शेतकऱ्यावर बंधनकारक. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, ज्याला हवं त्याने बघावं.

हे लिहायचं कारण असं की तुटक रेषा आपल्याकडे पण आहेत. गावनकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात. आमच्या गावी कोरेगाव तालुक्यात मळ्याकडे जाणारी पाणंद नकाशावर अजून आहे, जमिनीवर मात्र दोन्हीकडचे बांध सरकत सरकत आता सायकल जाईल एवढी उरलीय, पावसाळ्यात तीही नाही, ऊस डोक्यावर बाहेर काढावा लागतो. वाट अडवली तर तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, त्याला 1906 चा मामलतदार न्यायालयाचा कायदा आहे, म्हणजे नियम आपलाही जुनाच आहे आणि आपणही तो काढलेला नाही.

तेव्हा संपादक महोदय, इंग्रजांच्या रक्तावर झाला तेवढा लेख पुरे. पुढच्या एखाद्या रविवारी पाणंदींवर पान येऊ द्या, कुठल्या तालुक्यात किती खुल्या झाल्या, अर्ज दिल्यावर स्थळपाहणी किती दिवसांनी झाली, कोणी कशी अडवली. त्याला लंडनचा फोटो लागणार नाही.

आपली,
एक वाचक, रेडिंग